शाफ्ट हातात अडकतोय? पॉलिश पेपर जरा बाजूला ठेव

ऐरोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: मेपल लाकडाची पूलची क्यू, म्हणजे खेळायची काठी, घेऊन दीड वर्ष झालं. जूनपासून शाफ्ट, म्हणजे तिचा पुढचा बारीक अर्धा भाग, हातातून सरकत नाही, अडकतो. पुढचा फूटभर भाग निळा-काळा पडलाय आणि फेरूलपासून (टिप जिच्यावर बसते ती टोपी) वीतभर मागे एक छोटा पोचा आहे. मित्र म्हणतो, २२० नंबरच्या पेपरने घास आणि वरून मेलामाइन पॉलिश मार. क्लबचा मार्कर (टेबलं सांभाळणारा, गुण मांडणारा) म्हणतो, पावडर लाव. घरात बाबांची जुनी स्नूकरची क्यू पडून आहे, तिलाही हेच करायचं का?

काका म्हणालास, म्हणून अरे-तुरेवर येतो. मी मूळचा पॅटर्न मेकर. वागळे इस्टेटमध्ये फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करायचो, म्हणजे ज्यांच्यावरून ओतकामाचे वाळूचे साचे बनतात ते नमुने. त्या कामात अंगठ्याला जाणवेल न जाणवेल एवढा खरखरीतपणा राहिला तरी साच्याची वाळू लाकडाला धरते आणि साचा फाटतो. तेव्हा गुळगुळीत म्हणजे काय, हे शिव्या खाऊन शिकलोय. गेली वीस-बावीस वर्षं खेळणाऱ्यांच्या स्टिक दुरुस्त करतो. ठाण्यातून येतात, ट्रान्स-हार्बरने वाशी-नेरूळहूनही येतात.

२२० नंबरचं वाचून पोटात गोळा आला. पेपरच्या मागे जो नंबर छापलेला असतो, तो जितका कमी तितका कण मोठा. २२० वर बसलेला कण सरासरी ६८ मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. म्हणजे केसाच्या जाडीएवढे दगड घेऊन तू शाफ्टवर नांगरणी करणार, आणि मग ते चर बुजवायला आणखी लाकूड काढणार. १००० नंबरचा कण १८ मायक्रॉनचा, २००० चा दहाच्या आसपास. आपलं काम या टोकाला आहे.

काही वर्षांपूर्वी बेलापूरच्या एका मुलाने शाफ्ट ड्रिल मशीनमध्ये धरून फिरवला होता, १२० नंबर लावून. दोन मिनिटांत हात सरकायला लागला म्हणून खूश. माझ्याकडे आणला तेव्हा व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची पट्टी, लावला. फेरूल १३ मिलीमीटरला उभी आणि तिच्यामागे वीतभर अंतरावर शाफ्ट १२.३! मधे अक्षरशः कंबर पडलेली. त्याला मी काहीही करू शकलो नाही. मळ काढता येतो, पोचा उचलता येतो, पॉलिश पुन्हा लावता येतं. काढलेलं लाकूड मात्र परत लावता येत नाही.

आता तुझ्या शाफ्टकडे. त्याचं लाकूड खराब झालेलं नाही, तो मळलाय. खात्री करून घे. जॉइंटजवळचा, म्हणजे क्यूचे दोन भाग जोडतात तिथला भाग बघ, जिथे तुझा ब्रिजचा हात (टेबलावर टेकवून ज्यावरून शाफ्ट सरकवतोस तो) कधी पोचत नाही. डोळे मिटून आधी तिथे अंगठा फिरव, मग पुढच्या फूटभरावर. नंतर पुढच्या भागावर नख अलगद ओढ. नखाखाली करडा-निळा मेणासारखा पापुद्रा आला तर तो मळ. नख कुरकुरत अडखळलं तर तंतू उभे राहिलेत. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सात-आठ स्टिक पहिल्या जातीच्या असतात.

हा मळ कशाचा, ते समजलं तर तो काढायचा कसा हेही कळतं. तो येतो क्यूच्या टिपला, म्हणजे पुढच्या कातडी टोकाला, घासतात त्या चॉकमधून. नाव चॉक असलं तरी त्यात खडू नसतो. १८९७ मध्ये अमेरिकेत स्पिंक्स नावाचा बिलियर्ड खेळाडू आणि हॉस्किन्स नावाचा रसायनतज्ज्ञ यांनी जे पेटंट घेतलं, तेव्हापासून चॉक म्हणजे मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड. ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे आपला कुरुंद, ज्याच्या चाकावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावतात तो. टिपवरून उडालेली ही पूड शाफ्टवर बसते, हाताचा घाम आणि तेल तिला धरून ठेवतं, आणि वरून पावडर. पावडर कोरड्या हातावर ठीक. घामट हातावर पावडर लावणं म्हणजे शाफ्टवर पीठ मळणं. मार्करची चूक नाही. त्याला पुढच्या दहा मिनिटांपुरतं तुझं टेबल चालू ठेवायचं असतं.

म्हणूनच मळावर थेट पेपर मारू नये. तू कुरुंदाची पूड कागदाखाली धरून लाकडात रगडशील, आणि निळा रंग आणखी खोल जाईल.

साफ करायला लागतो एक मॅजिक स्पंज. पांढरा, खोडरबरासारखा, मेलामाइनच्या फेसाचा. हल्ली भांड्यांच्या दुकानातही मिळतो. भिजव आणि पिळ. पिळून झाल्यावर कोरड्या टॉवेलमध्ये दाबून पुन्हा पिळ. हाताला जेमतेम गार लागला पाहिजे, ओला नाही. त्याआधी कोरड्या फडक्याने शाफ्टवरची सुटी पूड झटकून घे. मग एका वेळी वीतभर भाग, लाकडाच्या रेषेने, मागे-पुढे आठ-दहा हात, आणि लगेच दुसऱ्या हातातल्या कोरड्या फडक्याने पुसायचं. स्पंज काळा झाला की बाजू बदल. जोर लावू नकोस. हा स्पंज स्वतःच अतिशय बारीक पॉलिश पेपर आहे, हे लोक विसरतात.

राहिलेल्या चिकटपणासाठी जुन्या बनियनच्या तुकड्यावर थोडं स्पिरिट घे, हार्डवेअरच्या दुकानात पॉलिशवाल्यांसाठी मिळतं ते. खिडकी उघडी, गॅस बंद, देवासमोरचं निरांजनही विझवलेलं. फेरूल आणि टिपपासून दोन बोटं लांब राहा. थिनर किंवा नखपॉलिश काढायचं द्रव मुळीच नको, प्लॅस्टिकची फेरूल त्याने विरघळते. भांड्यांची घासणी आणि तारेचा काथ्या यांच्याबद्दल तर मी बोलतच नाही.

थोडा निळसरपणा राहील. राहू दे. कोऱ्या क्यूसारखा पांढराशुभ्र शाफ्ट हवा म्हणून लोक घासत सुटतात आणि रंगाच्या मागे लागून अर्धा मिलीमीटर घालवतात. रंग हाताला लागत नाही. माझी स्वतःची क्यू पुढून आकाशी आहे, आणि तिच्यावर मी अजून गिऱ्हाइकांकडून चहा जिंकतो.

साफ झाल्यावर शाफ्ट आधीपेक्षा खरखरीत लागेल. घाबरू नकोस. पाणी लागलं की वरचे तुटके तंतू फुगून उभे राहतात, दाढीच्या खुंटांसारखे. ते असेही पुढेमागे घामाने उभे राहणारच होते. एकदा मुद्दाम उभे करून, वाळवून, कापून टाकले की पुढच्या वेळी त्रास कमी. पॅटर्न शॉपमध्ये आम्ही हेच करायचो, फडक्याने ओलावून, मुद्दाम.

आता पोचा. तंतू दबलेत की तुटलेत, ते भिंगातून बघ. टेबलाच्या कडेवर आपटून पडलेला गोल खळगा असेल तर तंतू नुसते दबलेले असतात, आणि दबलेलं लाकूड वाफेने परत फुगतं. सुती कापडाचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा ओला करून नेमका खळग्यावर ठेव. गरम इस्त्रीचं टोक त्यावर दोन-तीन सेकंद टेकव, चुर्र झालं की उचल. बघ, बोट फिरव, हवं तर पुन्हा. तीन-चार वेळांत बहुतेक पोचे वर येतात. तुझा फेरूलपासून वीतभर लांब आहे म्हणून सांगतोय. फेरूलला चिकटून असता तर नको म्हटलं असतं, कारण उष्णतेने आतला गोंद सुटतो. वर आलेली जागा पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे किमान एक रात्र, तिच्यावर पेपर लावायचा नाही. ओल्या फुगवट्यावर घासशील तर वाळल्यावर तीच जागा खाली बसेल आणि नवा खळगा तुझ्याच हाताने झालेला असेल. तंतू तुटले असतील, कडा धारदार लागत असेल, तर वाफ काही करणार नाही. तो खड्डा भरावा लागतो. ते काम माझ्यासारख्याला दे.

पेपरकडे वळण्याआधी डिजिटल व्हर्नियर आण, आणि चार ठिकाणी माप घेऊन लिहून ठेव: फेरूलमागे, १५ सेंटीमीटरवर, ३० वर, ४५ वर. पूलच्या बऱ्याच शाफ्टचा पुढचा फूटभर भाग जवळजवळ एकाच जाडीचा असतो आणि मग तो हळूहळू फुगत जातो. हातात जी मजा येते ती याच लांब सरळ भागाची. एकाच ठिकाणी घासत बसलास तर ती पहिली जाते.

फेरूलला मास्किंग टेप गुंडाळ. १०००, १५०० आणि २००० नंबरचा काळा वॉटर पेपर घे. नाव वॉटर पेपर असलं तरी वापरायचा कोरडाच. तळहाताएवढा तुकडा शाफ्टभोवती तीन बोटांनी हलका धरायचा, आणि फेरूलपासून जॉइंटच्या चकचकीत भागाच्या अलीकडेपर्यंत एकच लांब हात. आठ-दहा हातांनंतर शाफ्ट पाव फेरा फिरव. असे पूर्ण दोन फेरे झाले की थांब, कोरड्या फडक्याने पूस, बोट फिरव. १००० वर सगळा वेळ मिळून दोन-तीन मिनिटं पुरतात. इथे अधाशीपणा नडतो. पुढचे दोन नंबर लाकूड काढण्यासाठी नाहीत, आधीच्या पेपरने पाडलेल्या रेघा बुजवण्यासाठी आहेत. पुन्हा माप घे. पाच शतांश मिलीमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर हात जड आहे, असं समज.

आणि मशीनवर करून घ्यायचं मनात असेल तर तेवढंच सांगतो: लोखंडाचं काम करणाऱ्या लेथवाल्याकडे नेऊ नकोस. चकच्या, म्हणजे लेथच्या पकडीच्या, जबड्यांचे वण शाफ्टवर उमटतात, आणि लाकूड किती गरम होतंय याचा त्याला अंदाज नसतो.

सगळ्यात समाधानाचं काम यापुढचं, आणि हेच लोक गाळतात. कातडं घे. माझ्याकडे कोल्हापुरी चपलेच्या तळाचा, रंग न दिलेला तुकडा आहे, स्टेशनजवळच्या गटई स्टॉलवरून आणलेला. आता आरशासारखा झालाय. रंगवलेल्या पट्ट्याचं कातडं नको, रंग लाकडात उतरतो. कातडं शाफ्टभोवती घट्ट धरायचं आणि वीतभर भागावर भरभर मागे-पुढे करायचं, तळव्याला ऊब लागेपर्यंत. चटका बसेपर्यंत नाही. घर्षणाच्या उष्णतेने आणि दाबाने वरचे तंतू आडवे बसतात, लाकडावर एक मंद तुकतुकी येते. परदेशात काही जण यासाठी नोट वापरतात. आपण कशाला? पार्सलचा खाकी कागद चौपदरी केला तरी तेच काम होतं. निम्म्या शाफ्टना मी यापुढे काहीच लावत नाही.

लावायचंच असेल तर काय? मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश नको, हे पक्कं. दुकानात काचेसारखं दिसतं, पण घामट कातडी अशा चकचकीत थराला चिकटते; कोरड्या हाताने तपासलंस तर कळणारही नाही. मला लाख आवडते. पॅटर्नला आम्ही लाखच मारायचो, वाळूतली ओल लाकडात शिरू नये म्हणून. चपडा लाख १० ग्रॅम, स्पिरिट १०० मिलीलीटर, बाटलीत रात्रभर ठेवायची, सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळायची. हे पातळ वाटेल, आणि तसंच हवं. फडक्यावर तीन-चार थेंब, एका दमात एक हात, त्याच जागी परत जायचं नाही. तासाभराने २००० चा पेपर नुसता टेकवून फिरव, पुन्हा कातडं. दोन हात झाले की बास. लाकडात मुरली पाहिजे, वर थर दिसता कामा नये.

मेण लावणारे आहेत. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणजे मुळात मऊ. मे महिन्यात ठाण्याच्या बिनएसी क्लबमध्ये ते हाताला ओढ देतं. कार्नोबा मेण ऐंशीच्या पुढे वितळतं, ते कडक बसतं. नखभर घेऊन लाव आणि वाळल्यावर सगळं पुसून काढ. गाडीचं पॉलिश नको. त्यातलं सिलिकॉन लाकडात शिरलं की पुढे कुठलंही पॉलिश धरत नाही.

हे सगळं आता, भर पावसाळ्यात करायचं का? साफसफाई आणि कातडं आता कर. पोचा, पेपर आणि लाख दसऱ्यानंतर. आपल्याकडे जुलैत हवेची आर्द्रता नव्वदच्या घरात दिवसचे दिवस राहते, आणि अशा हवेत उघड्या लाकडातलं पाणी वजनाच्या वीस टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं. लांबीत फरक पडत नाही, पण जाडीत लाकूड फुगतं, तंतू सैल पडतात. अशा फुगलेल्या शाफ्टवर व्हर्नियरही खोटंच बोलतो.

मीही एकदा हे पाळलं नव्हतं. एका मुलाला स्पर्धेला जायचं होतं, गोकुळाष्टमीचा दिवस, बाहेर दहीहंडीचे भोंगे, आणि मी घाईघाईने लाख मारली. स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. संध्याकाळी बघतो तर शाफ्टवर पांढुरका धूर बसल्यासारखा थर. सगळं स्पिरिटने उतरवून दिलं, मुलगा नुसत्या लाकडावर खेळला, आणि मी पैसे घेतले नाहीत. फारच नड असेल तर खिडक्या लावून दोन-तीन तास एसी चालू ठेव आणि त्याच खोलीत काम कर. एसी हवेतली ओल काढून घेतो. उन्हात मात्र वाळवू नकोस. एका बाजूने वाळलेला शाफ्ट त्याच बाजूला वाकतो.

खेळून झालं की शाफ्ट कोरड्या फडक्याने पूस आणि मगच केसमध्ये ठेव. केसमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या टाक, नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या चालतात. भिंतीला टेकवून ठेवू नकोस, स्कूटरच्या पायाशी तर मुळीच नको. आणि खेळायच्या आधी साबणाने हात धू. वडापाव खाऊन टेबलावर येणाऱ्यांचे शाफ्ट मी वासावरून ओळखतो. घाम जास्त येत असेल तर तीन बोटांचा पातळ हातमोजा घे. जुने खेळाडू हसतील, हसू देत.

आता बाबांची क्यू. फोटोत बाणाच्या टोकासारख्या काळपट रेषा दिसतायत, म्हणजे ती ॲश लाकडाची. मेपलच्या लाकडातली बारीक छिद्रं मिटलेली असतात, ॲशची उघडी. बोटाला किंचित रवाळपणा लागणं हा तिचा गुण आहे. तिला मेपलसारखी काच करायला जाशील तर लाकूड संपेल पण रेषा जाणार नाहीत. टिपही साडेनऊ मिलीमीटरच्या आसपास, पूलच्या १३ च्या मानाने बारीक, तेव्हा घालवायला लाकूडच कमी. तिला पेपर लावू नकोस. दमट फडक्याने पूस, एक दिवस वाळू दे, आणि जवसाचं कच्चं तेल लाव, क्रिकेटच्या बॅटला लावतात तेच. चार थेंब फडक्यावर, सगळ्या शाफ्टवर पसरून, पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढ, मग एक-दोन दिवस तिला हात लावू नकोस. पितळेच्या फेरूलचा काळेपणा बाबांना विचारल्याशिवाय घालवू नकोस. काहींना तो हवा असतो.

तेलाचं फडकं चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं, आणि बोळ्यात ती उष्णता कोंडून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. एका जुन्या पॅटर्न शॉपमध्ये कोपऱ्यातून धूर येताना मी स्वतः पाहिलंय. बाल्कनीतल्या दोरीवर एकेरी पसरून टाक, कडक झालं की फेक. पाऊस असेल तर बादलीभर पाण्यात बुडवून ठेव.